मूर्तीपुढे उभे राहताना

देवळात गेलेल्या भाविकाला मूर्तीपुढे कसे उभे राहावे, हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याचे हात आपोआप जोडले जातात. परंतु शाळेच्या सहलीबरोबर एखाद्या प्राचीन लेण्यात शिरलेला विद्यार्थी मूर्तीपुढे आला, की क्षणभर घोटाळतो. समोरची मूर्ती त्याच्या घरच्या देव्हाऱ्यातली असतेच असे नाही. तिला नमस्कार करावा, की नुसते पाहावे? आणि पाहावे, तर काय पाहावे? मग कोणी दुसऱ्याचे पाहून हात जोडतो, कोणी मूर्तीच्या तुटलेल्या नाकाकडे बोट दाखवून हसतो, तर कोणी घाईघाईने छायाचित्र काढून पुढच्या दालनाकडे धावतो. मूर्ती तिघांनाही दिसलेली असते. पाहिलेली मात्र एकानेही नसते.

एका शाळेतील चित्रकलेचे शिक्षक आपल्या सातवीच्या वर्गाला अजिंठा आणि वेरूळ येथील लेणी दाखवावयास निघाले होते. ही दोन्ही स्थळे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. २०२३ सालापर्यंत हा जिल्हा औरंगाबाद या नावाने ओळखला जाई. १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत या दोन्ही लेण्यांची नोंद झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी वर्गातील एका मुलाने धीर करून विचारले, "गुरुजी, ती लेणी निरनिराळ्या धर्मांच्या लोकांची आहेत ना? आपण चित्रकला शिकतो. चित्रे सुंदर आहेत, मूर्ती सुबक आहेत, एवढे पाहिले म्हणजे पुरे झाले. त्यांचा धर्म कशाला समजून घ्यायचा?"

गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण त्याचे उत्तर येथे वर्गात नको. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात गेलो, की तू मला तो पुन्हा विचार."

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या दरीत, घोड्याच्या नालेसारख्या वळणाच्या कड्यात खोदलेली आहेत. त्यांची संख्या सुमारे तीस असून ती सर्व बौद्ध धर्माची आहेत. मात्र ती एकाच काळातील नव्हेत. काही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमारास खोदली गेली. त्यानंतर काम दीर्घकाळ थांबले. पुढे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, कड्यावर पुन्हा छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमू लागला. दहावे लेणे पहिल्या काळातील आहे. आत शिरताच दोन्ही बाजूंना अष्टकोनी खांबांच्या रांगा दिसतात. मागच्या बाजूस त्या अर्धवर्तुळात एकमेकींना मिळतात, आणि तेथे पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा एक भरीव दगडी स्तूप उभा आहे. अशा प्रार्थनामंदिराला चैत्यगृह म्हणतात.

"बुद्ध कोठे आहे?" गुरुजींनी विचारले.

मुलांनी खांबांवर रंगवलेल्या बुद्धाच्या आकृतींकडे बोटे दाखवली. "त्या मागाहून, पाचव्या शतकाच्या सुमारास काढलेल्या आहेत," गुरुजी म्हणाले. "हे लेणे जेव्हा प्रथम खोदले गेले, तेव्हाचा बुद्ध शोधा."

मुलांनी स्तूपाला प्रदक्षिणा घातली. स्तूपावर मूर्ती नव्हती. डाव्या भिंतीवर अगदी जुन्या चित्रांचे पुसट अवशेष होते. त्यांत एक राजा आपल्या परिवारासह पूजेला आलेला दिसत होता. पण पूजा चालली होती ती एका वृक्षाची. वृक्षाखाली कोणीही बसलेले नव्हते.

मुले बुचकळ्यात पडली, तेव्हा गुरुजींनी उलगडा केला. त्या प्राचीन काळच्या बौद्ध कलेत बुद्ध मनुष्यरूपात दाखवलेला आढळत नाही. त्याच्या जागी बोधिवृक्ष, धर्मचक्र, रिकामे आसन, पावलांचे ठसे किंवा स्तूप दिसतो. असे का, याविषयी अभ्यासकांत निरनिराळी मते आहेत. जो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटला, त्याला पुन्हा देहाच्या चौकटीत कसे बसवावे, अशी त्या काळच्या लोकांची भावना असावी, असे कित्येकांना वाटते. घरातील आजोबा निवर्तल्यावर कोपऱ्यातील त्यांची काठी, त्यांचा नेहमीचा पाट पाहून घरच्यांना त्यांची आठवण होते. ती वस्तू म्हणजे आजोबा नव्हेत. तरीही तिला कोणी सहजासहजी पाय लावीत नाही. रिकाम्या आसनाकडे पाहणाऱ्या भिक्षूच्या मनातही काहीसा असाच भाव उमटत असेल.

नंतरच्या काळात मात्र बौद्ध धर्मात विचाराचा नवा प्रवाह प्रबळ झाला. तो महायान या नावाने ओळखला जातो. बुद्ध आणि बोधिसत्त्व हे करुणेने भरलेले असून दुःखी जीवांकडे त्यांचे लक्ष असते, या श्रद्धेला त्यात मोठे स्थान मिळाले. ज्याची करुणा भाकायची, त्याचे मुख पाहावे, त्याचे डोळे आपल्याकडे वळलेले असावेत, असे भक्ताला वाटणे साहजिक होते. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत याचा पुरावा समोर उभा आहे. तेथेही स्तूप आहेत. पण त्यांच्या दर्शनी बाजूलाच बुद्धाची मूर्ती कोरलेली आहे. जणू शतकानुशतके स्तूपात दडलेला बुद्ध आता दगडातून बाहेर आला! सव्विसाव्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे ७ मीटर लांबीचे शिल्प आहे. उजव्या कुशीवर शांतपणे पहुडलेला बुद्ध आणि खाली शोक करणारे शिष्य पाहताना पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

एका मुलीने विचारले, "म्हणजे गुरुजी, मूर्ती आहे की नाही, यावरून लेणे कोणत्या काळचे, हे ओळखता येईल?"

"बऱ्याच अंशी येईल," गुरुजी आनंदाने म्हणाले. "त्याला लिपीची आणि शिलालेखांची जोड मिळाली, तर अधिक खात्रीने सांगता येईल. लोकांच्या मनातील विचार बदलला, आणि त्या बदलाची नोंद या कड्यावर राहिली. ती वाचणे म्हणजेच कलेचा इतिहास शिकणे."

मग ते मुलांना दहाव्या लेण्याच्या उजव्या भिंतीजवळ घेऊन गेले. तेथे हत्तींचा एक कळप चितारलेला आहे. रंग पुष्कळ उडाले आहेत. तरी पाण्यात डुंबणारे, झाडांतून वाट काढणारे हत्ती ओळखू येतात. ज्याला गोष्ट ठाऊक नाही, त्याला तेथे केवळ हत्ती दिसतील. परंतु ती षड्दंत जातकाची कथा आहे. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांना जातक म्हणतात. हिमालयात सहा सुळ्यांचा एक गजराज राहत होता. त्याच्या एका राणीच्या मनात मत्सर शिरला. मरणानंतर ती काशीच्या राजाची राणी होऊन जन्मास आली. पूर्वीचा राग तिच्या मनातून गेला नव्हता. तिने त्या गजराजाचे सुळे आणण्यासाठी एका शिकाऱ्याला धाडले. शिकाऱ्याने काषाय वस्त्र पांघरून, खड्ड्यात लपून बाण मारला. हत्ती त्याला सोंडेने चिरडणार, तोच त्याची दृष्टी त्या वस्त्रावर गेली. साधुपुरुषाच्या वेषाचा मान राखून त्याने राग आवरला. इतकेच नव्हे, तर शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा त्याने करवत आपल्याच सोंडेत धरून ते कापून दिले. पुढे ते सुळे समोर येताच राणीला एवढे दुःख झाले, की तिचे हृदय फुटून तिने प्राण सोडला.

गोष्ट संपली, तेव्हा कोणी बोलले नाही. मुले पुन्हा भिंतीकडे वळली. मघाशी पाहिलेलेच हत्ती ती आता पाहत होती. परंतु आता ते हत्ती पूर्वीचे राहिले नव्हते. ज्या मुलाने वर्गात प्रश्न विचारला होता, तो भिंतीच्या अगदी जवळ, कठड्याला टेकून उभा होता. त्याने आपला प्रश्न पुन्हा विचारला नाही.

त्याच लेण्यात आणखी एक खूण आहे. १८१९ च्या एप्रिल महिन्यात शिकारीसाठी आलेला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी या दरीत पोहोचला आणि रानात हरवलेली ही लेणी पुढे जगाला ज्ञात झाली. त्याने एका खांबावरील चित्रावरच आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्या वेळी लेण्यात मातीचा ढीग साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. म्हणून ती अक्षरे आज माणसाच्या डोक्याहून उंच दिसतात. त्याच्यामुळे लेणी प्रकाशात आली, हे खरे. परंतु ज्या चित्रावर आपण टोक फिरवीत आहो ते कोणाच्या तरी श्रद्धेचे निधान आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही, हेही तितकेच खरे. दृष्टीपुढे सौंदर्य होते. अर्थ मात्र नव्हता. अर्थ नसला, की सुंदर भिंतही नाव लिहिण्याची पाटी होऊन बसते.

याचा अर्थ असा नव्हे, की कला ही केवळ धर्मातून जन्मास येते. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. वासिष्ठीपुत्र कटहादी याने लेण्याचे मुख दान दिले, असे त्यात म्हटले आहे. अजिंठ्याचे सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या दानातून निर्माण झाले. म्हणजे श्रद्धेबरोबर द्रव्यही हवे होते. भिंतीवर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून गिलावा करीत, त्यावर चुन्याचा पातळ हात देत आणि मग चित्र काढीत. गेरू, पिवळी माती आणि काजळी यांपासून रंग तयार होत. परंतु दुसऱ्या काळातील चित्रांत जो निळा रंग चमकतो, तो लाजवर्द या खड्याचा आहे. आणि हा खडा आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. तेव्हा व्यापाऱ्यांचे तांडेही या चित्रांचे भागीदार ठरतात. दात्याचे धन, व्यापाऱ्याची वाट, कारागिराचा हात आणि कठीण काळा कातळ हे सर्व एकत्र आले. परंतु या सर्वांनी मिळून कोणती आकृती घडवावी, हे बहुतांशी श्रद्धेने ठरवले.

दुसऱ्या दिवशी मुले वेरूळला पोहोचली. अजिंठ्याला एकाच धर्माचा दीर्घ प्रवास दिसतो. वेरूळला तीन धर्म एकाच डोंगराच्या कुशीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. येथे ३४ लेणी प्रमुख मानली जातात. १ ते १२ बौद्धांची, १३ ते २९ हिंदूंची आणि ३० ते ३४ जैनांची आहेत. साधारणतः इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत ती खोदली गेली.

सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पाहून मुलांना प्रथम वाटले, की हे देऊळ बांधलेले आहे. वस्तुतः त्यात दगडावर दगड रचलेला नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगराचा कडा वरून खाली कोरीत आणून हे मंदिर मोकळे करण्यात आले. आधी शिखर, मग सभामंडप, शेवटी पाया, असा त्याचा उलटा क्रम आहे. पण असा खटाटोप करण्याचे कारण काय? शिव हा कैलास पर्वतावर राहतो, अशी भक्तांची श्रद्धा. पर्वतावर राहणाऱ्या देवाचे घर पर्वतातूनच प्रकट व्हावे, हे त्या श्रद्धेला किती शोभून दिसते! मंदिरावर पूर्वी पांढरा गिलावा होता. त्याचे अवशेष आजही काही ठिकाणी आढळतात. मंदिराच्या एका बाजूस रावण कैलास हलवीत असल्याचे शिल्प आहे. वीस हातांचा रावण खालून पर्वत उचलू पाहतो. वर पार्वती भ्यालेली आहे. शिव मात्र शांत आहे. पायाच्या नुसत्या दाबाने तो रावणाचा गर्व उतरवतो. ही कथा ठाऊक असली, म्हणजेच एकाच्या धडपडीतील आणि दुसऱ्याच्या शांतपणातील विरोध शिल्पकाराने कसा साधला, हे ध्यानात येते.

जैन लेण्यांत इंद्रसभा या नावाचे ३२ वे लेणे प्रसिद्ध आहे. तेथे गेल्यावर दोन-तीन मुले वस्त्रहीन मूर्ती पाहून एकमेकांना कोपराने ढोसून हसू लागली. गुरुजींनी त्यांना दटावले नाही. एका मूर्तीच्या पायांभोवती वेली चढलेल्या होत्या; तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "या वेली कशा आल्या असतील?" कोणालाच सांगता येईना. मग त्यांनी बाहुबलीची कथा सांगितली. राज्यासाठी बाहुबलीचे आपला भाऊ भरत याच्याशी द्वंद्व झाले. बाहुबली जिंकला. परंतु विजयाच्या क्षणीच त्याला वाटले, की राज्यासाठी भावाशी झुंजावे लागत असेल, तर असे राज्य काय कामाचे? त्याने राज्य सोडले, वस्त्रेही सोडली, आणि तो ध्यानात इतका काळ निश्चल उभा राहिला, की वेलींनी त्याला झाड समजून वेढले. "ज्याने सर्वच टाकले, त्याच्या अंगावर शिल्पकाराने वस्त्र कोठून आणावे?" गुरुजींनी विचारले. हसू मावळले. त्यांतील एका मुलाने नकळत आपल्या डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

वेरूळचे तिसावे लेणे छोटा कैलास म्हणून ओळखले जाते. ते जैनांचे आहे. परंतु शिवाच्या कैलास मंदिराच्या धर्तीवर ते कोरावयास घेतले होते आणि अपुरे राहिले. बौद्धांच्या दहाव्या लेण्यात छताला दगडाच्याच कमानदार फासळ्या कोरल्या आहेत. लाकडी छताच्या तुळयांची ती नक्कल आहे. म्हणून लोक त्याला सुताराचे झोपडे म्हणत. एका पिढीने दुसरीचे, एका धर्माच्या कारागिरांनी दुसऱ्या धर्माच्या कारागिरांचे पाहिले, घेतले आणि त्यात आपले काही मिसळले. श्रद्धा वेगवेगळ्या होत्या. छिन्नी चालवण्याची विद्या मात्र एकमेकांच्या अंगणातून ये-जा करीत होती.

परतीच्या वाटेवर मुलांनी शहरातील बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिची ती कबर. १६६०-६१ च्या सुमारास ती पूर्ण झाली. लेण्यांतून आलेल्या मुलांना येथे एकही मूर्ती दिसली नाही. ईश्वराला आकृतीत बांधता येत नाही, ही इस्लाम धर्माची शिकवण आहे. म्हणून प्रार्थनास्थळे आणि कबरी यांच्या भिंतींवर सजीवांच्या आकृती काढण्याचे टाळले जाई. मोगल दरबारच्या पोथ्यांत मात्र माणसांची आणि पशुपक्ष्यांची सुरेख चित्रे आढळतात. मकबऱ्यात कारागिरांनी आपले सारे कौशल्य संगमरवरी जाळ्यांत, वेलबुट्टीत, घुमटाच्या गोलाईत आणि भूमितीच्या रेषांत ओतले. भोवतालची बाग चार भागांत विभागलेली असून मधून पाण्याचे पाट काढलेले आहेत. स्वर्ग म्हणजे वाहत्या पाण्याची बाग, या कल्पनेची छाया तीवर पडलेली आहे. एका ठिकाणी श्रद्धेने मूर्ती घडवली, दुसऱ्या ठिकाणी मूर्ती टाळून बाग फुलवली.

त्या बागेत बसले असता, पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारा मुलगा गुरुजींजवळ आला. त्याचा प्रश्न आता वेगळा होता. "गुरुजी, जो देव माझ्या घरचा नाही, त्याच्या मूर्तीपुढे मी हात जोडावे की नाही?"

"ते तू तुझ्या मनाने ठरव," गुरुजी म्हणाले. "जोडलेस, तर मनापासून जोड. न जोडलेस, तर त्यात कोणाचा अपमान नाही. शाळा तुला कोणाची पूजा करावयास सांगत नाही आणि कोणाची श्रद्धा खोटी ठरवावयासही शिकवत नाही. परंतु मूर्तीपुढून निघण्यापूर्वी एवढे मात्र विचारीत जा, की हे कोणी केले, आणि करताना त्याच्या मनात काय होते? ते समजून घेतलेस, तर तू ती मूर्ती खरोखर पाहिलीस."

भारतात प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी १९५८ साली कायदा झाला. संरक्षित लेण्यांच्या भिंती विद्रूप करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. लेण्यांत कठडे आहेत, पहारेकरी आहेत, सूचनांचे फलकही आहेत. ते सर्व आवश्यकच आहे. तथापि एका पहारेकऱ्याने किती खांबांवर लक्ष ठेवावे? सहलीला येणाऱ्या एखाद्या मुलाच्या दप्तरात कर्कटक असू शकते, आणि दीड-दोन हजार वर्षांचा रंग त्याच्या एका रेघेने खरवडला जातो. ज्याला षड्दंत हत्तीची गोष्ट ठाऊक आहे, त्याचा हात मात्र त्या भिंतीकडे कर्कटक घेऊन कधीच जाणार नाही.